मिस क्लिओराचा क्लब

मिस क्लिओरा टार्व्हरची हिरवी शेव्हरोले गाडी वळणावर दिसली की आमच्याकडचे पुरुष एकदम कामाला लागत. कुणी उगाच कुंपणाला खिळा ठोकू लागे, कुणी हळूच मागच्या कपाशीत शिरे. कारण ही बाई गाडीतून उतरली की आधी संडास बघायची. खड्डा विहिरीपासून लांब आहे का, दाराला कडी आहे का, चुना टाकलाय का. मग स्वयंपाकघर, मग खिडक्यांच्या जाळ्या. जाळी फाटकी दिसली तर घरधन्याला तिथंच उभं करून विचारायची, "काय हो मिस्टर बायर्ड, माशांना जेवायला बोलावलंय वाटतं?" रेव्हरंड पूल एकदा भर चर्चमध्ये म्हणाले होते, एक वेळ देवाच्या नजरेतून सुटाल, पण मिस क्लिओराच्या नाही. सगळी मंडळी हसली. तीही हसली, आणि पुढच्याच आठवड्यात पाद्रीबुवांच्या घरचा संडास बघून आली.

तिचं काम सरकारी होतं. अलाबामात त्या काळी शेतीखात्याच्या दोन शिक्षिका असायच्या. एक गोऱ्यांच्या घरी जाऊन शिकवणारी, एक काळ्यांच्या. गोऱ्या बाईंचं ऑफिस कोर्टाच्या इमारतीत, पंख्याखाली. क्लिओराचं आमच्या बाजूला, न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत, जिथं खालच्या पावडरीचा वास दिवसभर वर येई. टोमॅटो आणि पीच बरण्यांत भरायचं मोठं प्रेशरचं भांडं तिथं ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते कायम गाडीच्या मागच्या सीटवर. एखाद्या पाहुण्याला बसवावं तसं ती त्याला दोरीनं बांधून नेई.

तिचा बाप दुसऱ्याच्या जमिनीत अर्ध्या वाट्यानं राबलेला. पोरीनं कॉलेज केलं, नोकरी मिळवली, आणि शहरात जायचं सोडून पुन्हा त्याच मातीत आली. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "एकाच घरात बसून राहायला मला सवड कुठंय?" डोक्यावर टोपी, हातात पांढरे मोजे, भर उन्हाळ्यातही. आमच्यासाठी ती मिस क्लिओरा. कोर्टाच्या इमारतीत मात्र नुसती क्लिओरा, "ए क्लिओरा, इकडे ये." तिच्यापेक्षा निम्म्या वयाचा कारकूनही असंच म्हणे. ते तिनं गिळलं होतं. आमच्यातल्या सगळ्यांनीच गिळलेलं असतं, त्यात नवल काही नाही.

पण तिचा खरा जीव होता तो शेतीखात्याच्याच मुलांच्या क्लबात. दुपारच्या सुट्टीनंतर शाळेतच सभा भरायची. मुलं उभी राहून छातीवर हात ठेवून क्लबची शपथ म्हणत. मग एकेकानं सगळ्यांसमोर काहीतरी करून दाखवायचं. कुणी शर्टाला गुंडी कशी लावायची ते, कुणी कोंबडीच्या खुराड्यात उजेड कसा आणायचा ते. भाषण संपलं की ताठ उभं राहून विचारायचं, "कुणाला काही विचारायचंय?" आणि कुणीतरी विचारलंच पाहिजे, हा क्लिओराचा नियम. "तुम्हाला कुणी काही विचारतंय," ती म्हणायची, "याची सवय व्हायला पाहिजे. बाहेर तुम्हाला फक्त सांगतात."

डुकरांची साखळीही तिचीच. एका मुलाला एक मादी पिल्लू द्यायचं. ते मोठं होऊन व्यालं की पहिल्या वेतातलं एक मादी पिल्लू त्यानं पुढच्या मुलाला द्यायचं. आमच्याकडच्या कितीतरी घरांत हिवाळ्याचं मांस याच साखळीतून आलं. उन्हाळ्यात पाइनच्या जंगलातल्या तळ्याकाठी आठवडाभर शिबिर. त्या शिबिराच्या खोल्या आयाबापांनी फळी फळी आणून उभ्या केल्या होत्या. घरी चार भावंडांत एका गादीवर झोपणारं पोर तिथं पहिल्यांदा एकटं एका खाटेवर झोपे. कित्येकांना पहिल्या रात्री झोपच येत नसे.

आणि मग पासष्ट साल आलं. नवीन कायद्यानं सांगितलं, आता दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकच खातं, एकच क्लब, सगळ्यांना सारखा. चर्चमध्ये सभा झाली, बायका आनंदानं रडल्या. क्लिओरा उठून उभी राहिली आणि म्हणाली, "इतकी वर्षं आपण त्यांच्या उरल्यासुरल्यावर क्लब चालवला. आता मुलांना सगळं मिळेल. चांगली पुस्तकं, राज्याच्या स्पर्धा, सगळं. आपला क्लब आपण आनंदानं बंद करू या आणि एका मोठ्या क्लबात जाऊ या."

मागच्या बाकावरून अर्लीन बायर्ड म्हणाली, "मिस क्लिओरा, आधी त्यांना त्यांचं उघडू द्या की. मग आपलं बंद करू."

"अगं अर्लीन, कायदा झालाय. आता उघडायचं बाकी काय राहिलं?"

कायद्यावर विश्वास टाकायला आम्ही आसुसलेलो होतो आणि तीही. तिनं शिबिराच्या किल्ल्या कोर्टाच्या इमारतीतल्या ऑफिसात नेऊन दिल्या, साखळीतल्या डुकरिणी नेऊन दिल्या. शिबिर त्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी म्हणून बंद झालं आणि ती दुरुस्ती काही कधी सुरूच झाली नाही. डुकरिणींचं काय झालं हे विचारायची सोय नव्हती.

क्लिओराला कोर्टाच्या इमारतीत टेबल मिळालं. कपाटाच्या मागं. गोऱ्या बाई, मिसेस गॅड्सडेन, वयानं आणि अनुभवानं तिच्याहून लहान, पण त्या झाल्या मुख्य आणि क्लिओरा मदतनीस. बाई स्वभावानं वाईट नव्हत्या. वाढदिवसाला केक आणत, क्लिओराच्या टेबलावर आठवणीनं तुकडा ठेवत. पण घरोघरी जाणं बंद झालं. पत्रकं घड्या घालून पाकिटात भरायची, हे तिचं काम झालं. प्रेशरचं भांडं गाडीत तसंच बांधलेलं राहिलं.

त्याच उन्हाळ्यात, म्हणजे शाळांत दोन्हीकडची मुलं एकत्र बसणार असं ठरताच, खात्याला अचानक वाटलं की क्लबच्या सभा शाळेत नकोत. शाळेचा वेळ मोडतो. त्या आता घरगुती वातावरणात व्हाव्यात, क्लबातल्या आयांच्या घरी. आमच्या भागासाठी घर ठरलं मिसेस लॉटन या गोऱ्या बाईंचं. दार सगळ्यांना उघडं.

हे ऐकून आमच्याकडच्या आयाबापांचे चेहरे पडले. क्लिओरा पुन्हा दारोदार फिरली, या वेळी सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या पेट्रोलवर. कुणी नाही म्हणालं नाही, पण हो पण म्हणालं नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून एकच उत्तर दिलं. आधी बायर्डांची वर्डेल जाऊन येऊ दे. तिचं नीट झालं तर आमचीही येतील.

वर्डेल बारा वर्षांची. अर्लीनची थोरली. लांब पायांची, मोठ्या आवाजाची, शाळेत सगळ्यात आधी हात वर करणारी. डुकरिणीची निगा या विषयावर तिचं भाषण तयार होतं. गाभण डुकरिणीला काय घालायचं, पिल्लं अंगाखाली चिरडू नयेत म्हणून गोठ्यात आडवी फळी कशी ठोकायची, सगळं पाठ. क्लिओरानं ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. नखं तपासली. फ्रॉकला स्टार्च घातला. "मॅम म्हणायचं, पण मान खाली घालायची नाही. लिंबू सरबत दिलं तर एकच पेला. शपथ म्हणताना ओठ पुटपुटायचे नाहीत, आवाज काढायचा."

"आणि शेवटी विचारायचं, कुणाला काही विचारायचंय?"

"हो. आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं."

सगळं सांगितलं. एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगायची असते हे आमच्यातल्या कुणालाच सुचलं नसतं. गोऱ्यांच्या घरी आम्ही मागच्या दारानं जातो. हे कुणी शिकवत नाही. चालायला लागल्यापासून आईचं बोट धरून पोर त्याच वाटेनं जातं, आणि पायांना ती वाट पाठ होते.

क्लिओरानं तिला लॉटन यांच्या फाटकाशी सोडलं आणि ऑफिसात परत गेली, कारण मिसेस गॅड्सडेननी तासाभराचीच सुट्टी दिली होती. घ्यायला आली तेव्हा गोरी मुलं समोरच्या पायऱ्यांवरून उड्या मारत बाहेर पडत होती. वर्डेल त्यांच्यात नव्हती. ती घराच्या बाजूनं आली. फ्रॉकचा पुढचा भाग ओला, हाताची बोटं पाण्यानं सुरकुतलेली, आणि हातात कागदात गुंडाळलेला केक.

गाडीत बसल्यावर तिनं केक दोन्ही हातांत धरून ठेवला. मग म्हणाली, "मी मागचं दार वाजवलं. रोझेटा मावशीनं उघडलं."

रोझेटा म्हणजे अर्लीनची बहीण. लॉटन यांच्याकडे स्वयंपाकाला होती.

"मग?"

"मावशी म्हणाली, तू इथं काय करतेस गं? तेवढ्यात मिसेस लॉटन आत आल्या. म्हणाल्या, अरे वा रोझेटा, मदतीला पोरगी आणलीस, बरं केलंस, आज पुष्कळ मुलं आहेत. आणि मला ॲप्रन दिला."

"तू सांगितलं नाहीस का बाळा, की तू क्लबाला आलीयेस?"

"त्या इतकं गोड बोलत होत्या, मॅम. मधेच कसं बोलायचं?" वर्डेलनं केक मांडीवर ठेवला. "पेले धुतले मी. बाहेर शपथ सुरू झाली तेव्हा मीपण म्हटली. हात ओला होता, तसाच ठेवला छातीवर. मावशी रडायला लागली म्हणून मग मी हळू म्हटली."

क्लिओरानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पांढरे मोजे काढले, वर्डेलचे दोन्ही हात धरून बसली. तिला संताप आला होता, पण कुणावर काढायचा ते कळेना. मिसेस लॉटन खोटं वागल्या नव्हत्या. पोरगी खोटं वागली नव्हती. आपणच तिला वाट दाखवली नाही, हे तिच्या काळजात रुतलं ते रुतलंच.

दुसऱ्या दिवशी तिनं मिसेस गॅड्सडेनना सांगितलं. बाईंना खरंच वाईट वाटलं. "अरेरे! पण क्लिओरा, समोरून तिला कुणी अडवलं का? ती आपणहूनच मागं गेली. मिसेस लॉटनना तरी कसं कळावं?"

"आपलं बरोबर आहे, मॅम."

"दार उघडं आहे. याहून जास्त आपण काय करणार, तूच सांग."

दार खरोखरच उघडं होतं. क्लिओरानं विचारलं, निदान चर्चमध्ये तरी मी मुलांची सभा घेऊ का? पूर्वीसारखी? बाईंनी मान हलवली. वेगळा क्लब आता चालणार नाही, कायद्याविरुद्ध होईल. ज्या कायद्यासाठी आम्ही चर्चमध्ये रडलो होतो, त्याच कायद्यावर बोट ठेवून बाई बोलत होत्या.

संध्याकाळी ती अर्लीनकडे गेली. अर्लीन वाल सोलत पायरीवर बसली होती. तिनं क्लिओराला बसायलाही सांगितलं नाही, आणि आमच्याकडे हे फार झालं.

"अर्लीन, माझं चुकलं. पुढच्या महिन्यात मी स्वतः तिच्याबरोबर जाईन. समोरच्या दारानं."

"मिस क्लिओरा, तुम्ही मला शिवण शिकवलंत, बरण्या भरायला शिकवलंत. तुमचे उपकार मी विसरायची नाही." अर्लीननं शेंग मोडली. "पण गोऱ्या बाईचे पेले कसे धुवायचे हे शिकायला माझ्या पोरीला क्लब कशाला पाहिजे? ते मी घरीच शिकवते की. फुकटात."

"ती गेली नाही तर बाकी कुणीच जाणार नाही. मग मुलांना काहीच उरणार नाही, अर्लीन. ना आपलं, ना त्यांचं."

"आधी उघडू द्या म्हटलं होतं मी."

"म्हटलं होतंस."

अर्लीनचा हात थांबला. हे क्लिओरानं कबूल करावं असं तिला वाटलं नव्हतं. दारातून वर्डेल म्हणाली, "मम्मा, माझं भाषण राहिलंय." एवढंच. अर्लीननं वाल बाजूला ठेवले आणि म्हणाली, "समोरच्या दारानं. आणि तुम्ही हात सोडायचा नाही."

आता रीत म्हणून आधी कळवायला हवं. न सांगता कुणाच्या दारात उभं राहणं क्लिओराच्या रक्तात नव्हतं. तिनं सभेच्या आधी मिसेस लॉटनना फोन केला. वर्डेल बायर्ड ही क्लबची सभासद आहे, मागच्या वेळी गैरसमज झाला, या वेळी मी तिला घेऊन समोरून येते, तिला भाषण करायचंय. मिसेस लॉटन म्हणाल्या, "हो, हो, या ना." त्यांनी "या" म्हटलं, "ये" नाही, आणि क्लिओराला इतकं बरं वाटलं की फोन ठेवताना तिचे डोळे भरले.

पण मिसेस लॉटन यांच्याकडचे फोन म्हणजे एका तारेवर गोऱ्यांचा सगळा रस्ता. एका घरात घंटी वाजली की पाच घरांत कानाला रिसीव्हर लागतो. हे क्लिओराला माहीत नव्हतं असं नाही. पण चांगल्या रीतीनं वागताना माणूस असा विचार करत नाही.

सभेच्या दिवशी ती वर्डेलचा हात धरून समोरच्या पायऱ्या चढली.  दार मिसेस लॉटननी स्वतः उघडलं. निळा ड्रेस, पावडर, पण चेहरा उतरलेला. आत दिवाणखान्यात खुर्च्या मांडलेल्या होत्या, टेबलावर नारळाचा केक, काचेच्या भांड्यात सरबत, शेजारी पेले. आणि एकही मूल नव्हतं.

"येतील," मिसेस लॉटन म्हणाल्या. "उशीर होतोय त्यांना."

त्या सगळ्या बसल्या. घड्याळ वाजत राहिलं. मधे एकदा फोन वाजला. मिसेस लॉटन उठून गेल्या आणि परत आल्या तेव्हा म्हणाल्या की हटनबाईंच्या मुलाला ताप आहे. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. या वेळी कुणाकडे तरी पाहुणे आले होते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्या उठल्या नाहीत. "क्लिओरा," त्या हळू म्हणाल्या, "मी कुणालाही काही सांगितलं नाही. देवाशपथ सांगते."

"मला माहीत आहे, मॅम."

क्लिओराला ते खरंच माहीत होतं, आणि म्हणूनच तिला काय करावं ते सुचेना. भांडायला कुणी समोर असतं तर ती भांडली असती. इथं केक होता, खुर्च्या होत्या, गोड बोलणारी बाई होती, आणि क्लब पलीकडच्या रस्त्यावर कुणाच्या तरी घरी गेला होता.

"मग मी करू का सुरुवात?" वर्डेलनं विचारलं.

ती उठली. खुर्च्यांसमोर ताठ उभी राहिली. शपथ म्हटली, आवाज काढून. मग डुकरिणीची निगा. कुठं अडखळली नाही. आडवी फळी किती उंचीवर ठोकायची ते दोन्ही हातांनी दाखवलं, रिकाम्या खुर्च्यांकडे एकामागून एक बघत, जसं तिला शिकवलं होतं तसं. रोझेटा स्वयंपाकघराच्या दारात ॲप्रन तोंडाशी धरून उभी होती. मिसेस लॉटन मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या.

"कुणाला काही विचारायचंय?" वर्डेलनं विचारलं, आणि थांबली.

क्लिओराला काहीतरी विचारायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. पोर थांबून राहिली. शेवटी स्वतःच म्हणाली, "थॅंक यू," आणि बसली.

परत येताना मिसेस लॉटननी सगळा केक बांधून दिला. तो मागच्या सीटवर प्रेशरच्या भांड्याशेजारी ठेवला होता. रस्त्यात ओसऱ्यांवर आमच्याकडची माणसं उभी होती. वर्डेल कशी जाऊन येते ते बघायला सगळे थांबले होते. क्लिओरानं कुणाला हात केला नाही, गाडी हळूही केली नाही.

बायर्डांच्या घराचा रस्ता लागला तेव्हा वर्डेल म्हणाली, "मिस क्लिओरा, मागच्या महिन्यात सगळी मुलं आली होती ना?"

"हो बाळा."

"मी मागच्या दारानं गेले होते तेव्हा." ती विचार करत होती. तिला कोडं सुटल्यासारखं वाटलं होतं. "मग पुढच्या वेळी मी मागच्या दारानंच जाऊ का? मी पेले धुवीन. स्वयंपाकघरातून सगळं नीट ऐकू येतं, मॅम. म्हणजे क्लब तरी होईल."

क्लिओराला माहीत होतं की पोरीचं म्हणणं खरं आहे. हो म्हटलं तर क्लब होणार होता. नाही म्हटलं की संपला, वर्डेलसाठी, आणि ओसऱ्यांवर वाट बघत उभ्या असलेल्या सगळ्यांसाठी. आयुष्यभर तिनं मुलांना सांगितलं होतं की विचारलं की उत्तर द्यायचं.

ती म्हणाली, "नाही."